धाकटीचं गोणपाट

फार जुनी गोष्ट. तेव्हा झाडंझुडपं बोलायची, आणि माणसं थोडंफार ऐकायचीसुद्धा.

ओढ्याकाठच्या एका बांधावर रानमेथी राहायची. तीन-तीन पानं, इवली पिवळी फुलं. सांज झाली की पानं मिटून झोपायची. थंडीत उगवायचं आणि ऊन तापलं की वाळून जायचं, तिच्या जातीचं आयुष्यच तेवढं.

एका वर्षी पानं पिवळी पडू लागली, तशी तिनं लेकींची पाठवणी मांडली. लेकी म्हणजे शेंगांतल्या बिया. थोरल्यांना तिनं पातळ साल नेसवली. धाकटीला मात्र जाडजूड, दगडासारखी टणक.

धाकटी फणफणली. "तायांना झिरझिरीत, अन् मला हे गोणपाट? यातून पाणी तरी आत येईल का?"

"येईल तेव्हा येईल."

"मी काय सावत्र आहे?"

"सावत्र असतीस तर एवढं विणत बसले असते का, भवाने? जीव गेला माझा!" असं म्हणून आईनं साल आणखी आवळली. मग ती वाळली आणि शेंगांसकट मातीत पडली.

ऐन उन्हाळ्यात अवकाळी सर आली. बांध भिजला. थोरल्या खिदळत उगवल्या.

"चल गं धाकटे! का तिथंच म्हातारी होणार?"

"येते की! थांबा ना!" धाकटीनं भिजून भिजून पाहिलं, पण आत थेंब शिरेना.

"दगड आहे नुसता," तायांनी नाक मुरडलं आणि माना उंचावल्या.

"आईनं मला जिवंत गाडलंय, मामा," धाकटी शेजारच्या गांडुळापाशी रडली.

गांडूळमामा म्हणाला, "वरची माती ओली आहे, पोरी. खाली मी राहतो. खाली सगळं कोरडं आहे."

दुसऱ्याच दिवसापासून ऊन आग ओकू लागलं. कोवळ्या माना एकेक करून वाकल्या. सगळ्यांत शेवटी थोरली राहिली. तिनं मातीकडे वाकून हाक मारली, "धाकटे, ऐकतेस ना? बाहेर येऊ नकोस गं."

मग बांधावर काहीच हललं नाही.

धाकटी सालीत मुटकुळं करून बसली. "आईला ठाऊक होतं, तर तायांना का नाही जाड दिलं?"

"तिला कुठलं ठाऊक?" मामा म्हणाला. "पाऊस टिकला असता तर ताया फुलल्या असत्या आणि तू रडत बसली असतीस. एका सरीच्या भरवशावर सगळ्या लेकी दाराबाहेर काढणारी नव्हती ती."

 उन्हानं धाकटीची साल तडकली, पावसाळ्यानं झिजवली, शेळ्यांच्या खुरांनी घासली. थंडी पडली, मातीनं खोल ओल धरली, तेव्हा कुठं पाणी आत आलं. धाकटी उगवली. बांधावर त्या घराण्याची तेवढी एकटीच.

उन्हाळ्याच्या तोंडी तीही लेकींना साली नेसवत होती. कुणाला पातळ, कुणाला जाड. एक चिमुरडी किंचाळली, "आई, हे गोणपाट मलाच का?"

"गप नेस," धाकटी म्हणाली, आणि तिची साल आणखी आवळली.

पुढच्या थंडीत तो बांध पिवळाधमक झाला.

म्हणून सांगते, मागं राहिलेल्या लेकराला हिणवू नका. घर पुढं नेणारं तेच निघू शकतं.