निळारणीचं रांजण आणि समुद्र

ज्या काळी राज्यांना नावं नव्हती आणि रस्त्यांना पाट्या नव्हत्या, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एका निळारणीची झोप उडाली होती. कारण सांगितलं तर लोक हसतील, म्हणून तिनं बरेच दिवस ते कुणाला सांगितलंच नाही. तिला तिचं काम फार आवडत होतं, आणि तिला समुद्र पाहायचा होता.

काम होतं कापडाला निळा रंग चढवण्याचं. पडवीत, तुसाच्या उबेत, एक मोठं रांजण बसवलेलं होतं. त्यात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं उकडलेलं बी. हे सगळं मिळून आंबायचं, फेसायचं, जिवंत राहायचं. पांढरं कापड त्यात बुडवून वर काढलं की आधी पोपटी दिसायचं, आणि वारा लागला की बघता बघता निळं व्हायचं. निळारणीनं हे हजारदा पाहिलं होतं. तरी दर वेळी ती श्वास रोखून धरायची.

पण जिवंत गोष्टीचं करावं लागतं. रोज सकाळी रांजण ढवळायचं, थेंबभर जिभेवर घेऊन चव बघायची, कमी पडलं असेल ते घालायचं. त्यात गावचा रिवाज असा, की एका रांजणाला एकच हात. दुसरा हात लागला तर रंग मरतो. हे रांजण तिच्या सासूचं होतं आणि एकदाही मेलं नव्हतं. मरताना सासूनं ते थोरल्या सुनेला न देता धाकटीला दिलं. थोरली शेजारच्याच घरात राहायची. तेव्हापासून ती निळारणीशी कामापुरतं बोले, आणि तेही भिंतीकडे बघून.

दर हिवाळ्यात समुद्राकडून मिठाचा तांडा यायचा. त्याच्याबरोबर गोष्टी यायच्या. समुद्र सकाळी एका रंगाचा असतो आणि दुपारी दुसऱ्या, असं तांड्यातली म्हातारी सांगायची. निळारणीला वाटे, जन्मभर निळ्यात हात घालणाऱ्या बाईनं हे पाहू नये म्हणजे काय? आणि लगेच वाटे, आपण गेलो आणि मागे रांजण मेलं तर आपल्यासारखी करंटी आपणच.

शेवटी तिनं विचारायला सुरुवात केली. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे त्याचाही काही उपयोग झाला नाही. नदीवरच्या वृद्ध धोब्यानं सांगितलं, की घर सोडून कुणाचं भलं झालेलं नाही. तांड्यातल्या म्हातारीनं सांगितलं, की घरात बसून कुणाचं भलं झालेलं नाही. दोघं इतक्या ठामपणे बोलले की तिला दोघांचंही पटलं.

मग तिनं दर थंडीत दूरदेशाहून येणाऱ्या करकोच्याला गाठलं. तो एका पायावर उभा होता.

"आमची दोन गावं आहेत," करकोचा म्हणाला. "एकात असलो की दुसरं आठवतं. यावर काही उपाय सापडला तर मलाही कळव बाई."

तेव्हा तिला एक युक्ती सुचली, जी फक्त एखाद्या निळारणीलाच सुचू शकते. तिनं रांजणच गाडीत घातलं. भोवती तूस भरलं, वर घोंगडी पांघरली, शेजारी पाच वर्षांच्या लेकीला बसवलं आणि ती तांड्याबरोबर निघाली.

वाटेत डोंगर आले, हरणं आली, पळसाचं अख्खं रान आलं. लेक बोट दाखवायची आणि निळारीण रांजणातून नजर न काढता हो हो म्हणायची. गाडी हिंदकळत होती, रांजणात वारा शिरत होता. तिसऱ्या दिवशी तिनं कापड बुडवून काढलं, तर ते भांड्यांच्या धुवणासारखं करडं निघालं. ती तिथूनच मागे फिरली. जाऊन येऊन सहा दिवसांत तिनं जगातली एकच गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे त्या रांजणाचं तोंड.

घरी आली ती तापानं फणफणूनच. अकरा दिवस तिला शुद्ध नव्हती. बाराव्या दिवशी उठली आणि भिंत धरत धरत पडवीत गेली. रांजण मेलेलं बघायचं म्हणून तिनं मन घट्ट केलं होतं. पण पाण्यावर तांब्याच्या रंगाची साय आली होती आणि मधोमध निळा फेस. शेजारी थोरली जाऊ उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"जाऊबाई, तुम्ही हात लावलात?"

"लावला. तिकडे तू बरळत होतीस, इकडे हे कुजत होतं. म्हटलं, दोघींपैकी एक तरी वाचू दे."

"पण एकच हात, असा रिवाज..."

"सासूबाईंनी रांजण तुला दिलं, कान माझ्याकडेच राहिले. नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. तू गरजेपेक्षा तीनदा जास्त ढवळतेस."

रांजण वाचलं म्हणून निळारणीला रडू आलं. ते आपल्यावाचून वाचलं म्हणून आणखी रडू आलं. यातलं कुठलं रडू खरं, ते तिला कळेना.

पुढच्या हिवाळ्यात तांडा आला तेव्हा जाऊच म्हणाली, "जा एकदाची. तुझे उसासे भिंतीतून ऐकू येतात."

या वेळी निळारीण लेकीला घेऊन मोकळ्या हातांनी गेली. समुद्र पाहिला. तो खरंच एका रंगाचा नव्हता. लेकीनं आपली पांढरी ओढणी लाटेत बुडवली, वर काढली आणि वाऱ्यावर धरून वाट बघत उभी राहिली. बराच वेळ झाला तरी ओढणी पांढरीच.

"आई, यांचं रांजण बिघडलंय," ती म्हणाली.

निळारीण खूप हसली. संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं, की आज दिवसभरात रांजण एकदाही आठवलं नाही. मग त्याचीच तिला धास्ती वाटली.

परत आली तेव्हा रांजण जिवंत होतं. पण रंग थोडा बदलला होता. आता तो जरा गडद होता, वांग्याच्या सालीकडे झुकणारा. एका जुन्या गिऱ्हाइकानं नाक मुरडून आपलं गाठोडं उचललं. दोन नव्या बायकांनी तोच रंग मुद्दाम मागितला. निळारीण ते कापड उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिली. आधीचा बरा की आताचा, हे तिला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि नंतरही कधी आलं नाही.

त्यानंतर रांजणाला दोन हात झाले. दर हिवाळ्यात निळारीण दोन महिने बाहेर पडू लागली. पूर्वी लोक त्या रंगाला तिचा निळा म्हणायचे, आता त्या दोघींचा निळा म्हणू लागले. हे ऐकलं की तिला आत कुठंतरी टोचायचं. तरी ती जायची.

एका सकाळी तिनं लेकीला रांजणापाशी आणलं, तिच्या हातात ढवळण्याची काठी दिली आणि एवढ्या सगळ्या घोळातून हाती लागलेला एकच बोध सांगितला: जे काम फक्त आपल्या एकाच्या हातावर जगतं, ते आपल्याला कुठंही जाऊ देत नाही, म्हणून त्याला वेळेवर दुसरा हात द्यावा, मग रंग थोडा बदलला तरी चालेल.

लेकीनं काठी दोनदा फिरवून पाहिली, थोडा विचार केला आणि ती परत आईच्या हातात ठेवली.

"मग तू आणि काकू दोन हात झालात ना," ती म्हणाली. "आता मी जाते."