मूठभर तांदळाची ओटी

महागाईशी लढायचं काम सरकारने एकदा बायकांवर सोपवलं. ‘रोज एक मूठ कमी शिजवा, महागाई पळवा’ असे फलक विडी कामगारांच्या वस्तीत लागले आणि त्यांच्यामागोमाग मंत्रीणबाईही आल्या. फोटोसाठी द्वारकाचं घर निवडलं होतं.

“रोज मूठभर वाचवतेस ना गं? की नुसती महागाईच्या नावाने रडतेस?” बाईंनी कॅमेऱ्यांसमोर विचारलं.

दारी आलेल्या सवाष्णीला तसंच पाठवायचं नसतं. द्वारकाने बाईंना कुंकू लावलं, तांदळाचा डबा उपडा करून झटकला आणि निघाले तेवढे मूठभर तांदूळ त्यांच्या पदरात घातले.

रीतीप्रमाणे बाईंनी ओटीतले चार दाणे डब्यात परत टाकले. ते पत्र्यावर टणटण वाजले. बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“अगं, हे सगळंच घे परत!”

“ओटी परत घेत नाहीत, ताई,” द्वारका म्हणाली. “घरी न्या, शिजवा. माझ्या पोरांनी आज तुमची मूठ वाचवली, एवढं फक्त फोटोखाली लिहायला सांगा.”