नागूशेटचा एक घास

एका बंदराच्या गावात नागूशेट नावाचा नारळाचा व्यापारी होता. मनाचा मोठा आणि खाण्याचा त्याहून शौकीन. समुद्रापलीकडच्या एका बेटावर विहिरी खाऱ्या झाल्यात, पोरं मचूळ पाणी पिऊन आजारी पडतात, हे कानावर येताच त्याने चार व्यापारी जमवले आणि मदत मंडळ काढलं.

मंडळातर्फे आधी त्या व्यापाऱ्यांपैकी एक, तात्या, गेले, नवीन विहिरीसाठी जागा बघायला. जागा बघता बघता त्यांनी एवढ्या पाहुणचाराच्या कोंबड्या फस्त केल्या, की बेटावर आरवायला कोंबडा उरला नाही. हे कळलं तेव्हा नागूशेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने भर बैठकीत नियम करून घेतला: बेटावर कुणाच्या घरचं काही खायचं नाही. कणसुद्धा नाही.

"शेट, हा नियम तुम्हालाही लागू बरं का," तात्या म्हणाले.

"मला सगळ्यात आधी," नागूशेट तोऱ्यात बोलून गेला.

पुढच्या खेपेला तोच निघाला. बरोबर पाथरवट, आणि स्वतःपुरता लाडवांचा डबा. होडीतून उतरताना डबा गेला पाण्यात. किनाऱ्यावर बेटाची म्होरकी गोमाबाई ताट घेऊन उभी. ताटात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. नुसत्या वासाने शेटचा जीव कासावीस झाला, पण त्याने मान फिरवली.

"नको बाई. आमच्या मंडळाचा नियम आहे."

गोमाबाईने ताट खाली ठेवलं. "मग तुमची विहीरही नको. जो आमच्या घरचं खात नाही, त्याच्या हातचं आम्ही घेत नाही. आम्ही गरीब असू, भिकारी नाही."

झालं. पाथरवट पहारी टाकून बसले. शेट एका माडाखाली फुगून बसला. चांगलं करायला जावं तर हे असं! वारा फिरायच्या आत काम उरकून होडी परतायला हवी होती; आज सुरुवात झाली नाही, तर विहीर वर्षभर लांबली असती. तेवढ्यात गोमाबाईची नात वाटीभर मचूळ पाणी प्यायली आणि पोट धरून तिथेच वाकली. नागूशेटला स्वतःची लाज वाटली. त्याचा नियम लूट थांबवायला केला होता, आणि आता विहीरच अडवून बसला होता.

तो उठला. "गोमाबाई, सगळ्यांना बोलवा. सगळ्यांसमोर एक घास खातो. घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगेनही."

त्याने घास घेतला. अहाहा, काय ती चटणी! हात आपोआप दुसऱ्या घासाकडे गेला. गोमाबाईनेही ताट पुढे सरकवलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की बेटावर पाय ठेवल्यापासून एकदाही कोंबडा आरवलेला ऐकला नाही. त्याने हात आखडता घेतला.

"पोट भरलं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही तिखटाचं नव्हतं.

काम सुरू झालं. शेट पाथरवटांबरोबर पातळ पेज पिऊन राहिला. विहिरीला गोडं पाणी लागलं, तेव्हा पहिली वाटी गोमाबाईच्या नातीला मिळाली, आणि ती पोटभर प्यायली.

गावी परतल्यावर त्याने बैठकीत सगळं सांगून टाकलं. तात्या टाळी वाजवून म्हणाले, "म्हणजे नियम मोडलात."

"मोडला. म्हणूनच तो आता बदलू या. पाहुण्याने एक घास खावा, चारचौघांसमोर खावा, आणि दुसरा मागू नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यांनी मात्र हात वर केला.

"शेट, घास केवढा?"

ती बैठक म्हणे अजून संपलेली नाही. बेटावर मात्र पोरं गोडं पाणी पितात, आणि सकाळी कोंबडे आरवतात.

तात्पर्य: जो नियम मदत घेणाऱ्याचा मान राखत नाही, तो बदलावा, पण उघडपणे बदलावा, आणि स्वतःच्या जिभेसाठी बदलू नये.