शेजारचं रोप

एकदा एक कापडाचा व्यापारी डेलियाच्या फुलांच्या नादी लागला. मल्लिनाथ त्याचं नाव. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंगणात त्यानं जेवणाच्या ताटाएवढं फूल पाहिलं आणि त्याला तहानभूक सुचेना. त्या गृहस्थांना सगळे आप्पा म्हणत. मल्लिनाथनं त्यांचे पाय धरले आणि म्हणाला, "एवढी विद्या मला द्या."

आप्पांनी कंद दिले, रोपांना आधाराच्या काठ्या कशा लावायच्या ते दाखवलं आणि कळ्या दिसू लागल्या तेव्हा मुख्य धडा दिला. फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मधली राखायची, बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच खुडायच्या. मल्लिनाथचा हात अडखळला.

"आप्पा, चांगली जिवंत कळी खुडायची?"

"मोठं फूल हवं ना? मग मन घट्ट कर."

त्यानं मन घट्ट केलं. राखलेली कळी दिवसेंदिवस फुगू लागली आणि मल्लिनाथ हरखून गेला. आता माणसाची एक खोड असते. एखादी युक्ती साधली, की ती जिथे तिथे लावून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

काही दिवसांनी आप्पा त्याची बाग पाहायला आले. मल्लिनाथ मोठ्या समाधानानं म्हणाला, "आप्पा, तुमचा धडा मी घरातही लावला. आमचा थोरला बसवराज डॉक्टर व्हायचं म्हणतोय. घराचं सगळं बळ आता त्याच्यामागे. धाकट्या गिरिजाला परगावच्या शेती महाविद्यालयात जागा मिळाली होती, पण तिला सांगितलं, राहू दे. ती घरी राहिली तर याचं खाणंपिणं, डबा बघेल. उद्या प्रवेशाची शेवटची तारीख आहे. ती टळली की तिचंही मन शांत होईल."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. गुणी पोर आहे. उलटून बोलत नाही."

आप्पा त्या फुगलेल्या कळीपाशी गेले. मग त्यांनी खुरपं मागितलं. मल्लिनाथला वाटलं, माती भुसभुशीत करणार असतील. पण आप्पा त्या मोठ्या कळीच्या शेजारच्या रोपापाशी बसले, त्याच्या बुडाशी खुरपं घातलं आणि मुळासकट रोप उचकटू लागले. नुकत्याच कळ्या धरलेलं, निरोगी रोप.

मल्लिनाथनं त्यांचा हात धरला. "अहो आप्पा, हे काय करताय?"

"तुझं मोठं फूल आणखी मोठं करतोय."

"पण हे रोपच वेगळं आहे. याचा कंद वेगळा, मुळं वेगळी. हे उपटून त्या फुलाला काय मिळणार?"

आप्पांनी खुरपं खाली ठेवलं.

"हेच मी तुला विचारायला आलो असं समज. अरे, मी कळी खुडतो तेव्हा एका रोपाचं बळ त्याच रोपाकडे राहतं. बसवराजला डॉक्टर व्हायचं असेल, तर त्यानं स्वतःच्या चार हौशी खुडाव्यात. तुला त्याला मोठं करायचं असेल, तर तू तुझ्या खुड. गिरिजा त्याच्या फांदीवरची कळी नाही, मल्लिनाथ. तिचा कंद वेगळा आहे. आणि रोपंही उलटून बोलत नाहीत. खुरपं लागतं तेव्हासुद्धा."

मल्लिनाथ खाली बसला. हललेल्या रोपाभोवती त्यानं हातांनी माती लोटली, दाबली, पाणी घातलं. आपण काय करून बसलो होतो ते त्याला आता दिसत होतं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली. मातीच्या हातांनीच तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. गिरिजा भावाचा डबा भरत होती.

"तुझे कागद काढून ठेव," तो म्हणाला. "सकाळच्या पहिल्या गाडीनं आपण दोघं निघू."

तिनं डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. "आणि दादाचा डबा?"

"तो मी भरीन."

यावर ती रडली. इतके दिवस तिच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं.

ते रोप काही दिवस मान टाकून उभं होतं. मुळं दुखावली होती. मग ते हळूहळू सावरलं. आपणही कुणाच्या भल्यासाठी काही खुडायला हात पुढे करतो, तेव्हा क्षणभर खाली वाकून पाहावं, की हा देठ आपलाच आहे ना.