दरीपलीकडचा टोला

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. दूरच्या राजधानीत बारा वर्षं काठी-चेंडूची विद्या शिकून एक मुलगी आपल्या गावी परतली. तिला वाटलं होतं, वेशीवर वाजंत्री असेल, लोक म्हणतील, आम्हाला शिकव. वेशीवर कुणीच नव्हतं. सगळा गाव दरीच्या कडेला उभा होता.

दर पावसाळ्यात दरीवरचा दोरांचा पूल वाहून जाई. मग कातडी चेंडूला लांब दोरा बांधून तो वाकड्या काठीने पलीकडे टोलवत. पलीकडचे लोक दोरा ओढत, दोऱ्यामागून जाड दोर जाई आणि पूल पुन्हा उभा राही. हा टोला मुलीची आत्या मारी. वर्षभर कातून दोरे तीनच होत. आणि यंदा आत्याची लेक पलीकडे अडकली होती. तिचे दिवस भरले होते आणि सुईण अलीकडे होती.

आत्याने आधी एक खडा मारून पाहिला. तिचे हात पुढे गेले, काठी मागून आली, खडा उडाला आणि मातीचं ढेकूळही उडालं.

मुलीला लाज वाटली. "हे काय गं आत्या, जमीन खणतेस? चेंडू वर जायला हवा ना? मग काठी लागते त्याच क्षणी मनगटं वळव आणि त्याला खालून उचलून घे."

"ताई, पाखरू आहे का ते, ओंजळीतून उडवायला?" एक गुराखी म्हणाला. लोक हसले.

आत्या हसली नाही. "माझी भाची बारा वर्षं शिकून आलीय. मी तिचं ऐकणार."

पहिला चेंडू सरळ वर गेला आणि दरीत पडला. पुराने दोरा तटकन तोडला. "मनगटं अजून वळव," मुलगी म्हणाली. दुसराही तसाच गेला.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती घाईने म्हणाली, "विद्येत खोट नाही. आत्याचे हातच म्हातारे झालेत."

आत्याने काठी खाली ठेवली आणि आपले तळवे निरखून पाहिले. आता कुणी हसलं नाही. वारा सुटला होता. म्हणून तिसरा टोला सकाळी, वारा पडल्यावर मारायचा आणि तो मुलीने मारायचा, असं ठरलं.

दुपारी मुलगी काठी घेऊन गावामागच्या ओढ्यावर गेली. मनगटं वळवून तिने वीस खडे मारले. विसाच्या वीस पाण्यात पडले. राजधानीत चेंडू सपाट अंगणात घरंगळत. तिथे ओलांडायला दरी नव्हती. शेवटी तिने आत्यासारखे हात पुढे ठेवले, मनगटं वळू दिली नाहीत आणि काठी खाली मारली. ढेकूळ उडालं. खडा आपला आपण उठला आणि पलीकडे जाऊन पडला.

तिला आनंद झाला नाही. तिचे कान तापले. हे कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी असाच टोला मारला की गाव तिला डोक्यावर घेईल आणि आत्याचे हात कायमचे म्हातारे ठरतील.

संध्याकाळी त्याच हातांनी आत्याने तिला भाकरी वाढली. "पोटभर जेव. उद्या जोर लागेल." मुलीला मान वर करवेना.

सकाळी गाव पुन्हा कडेला जमला. तिसरा चेंडू मुलीच्या पायापाशी ठेवला. तेव्हा तिने ठरवलं आणि सर्वांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आत्याचे हात म्हातारे नाहीत. माझी शिकवण चुकीची होती. ते दोन दोरे माझ्यामुळे गेले." आणि तिने काठी आत्याच्या हातात दिली.

"बारा वर्षांत एवढंच शिकलात?" गुराख्याने विचारलं.

"हे तर कालच शिकले," ती म्हणाली.

"बाजूला हो गं पोरी, काठी लागेल," आत्या म्हणाली. ढेकूळ उडालं आणि चेंडू दोऱ्यासकट पलीकडच्या माणसांत जाऊन पडला. पूल होताच त्यावरून सर्वांत आधी सुईण गेली.

तात्पर्य : जो दोष आपण चारचौघांत दुसऱ्याच्या माथी मारला, तो चारचौघांतच आपल्या माथी घ्यावा.