आक्कांची मोजणी

“पण मग यातला खरा आकडा कोणता, आक्का?”

निनादने तिसऱ्यांदा घड्याळ थांबवलं. पहिल्या मिनिटाला आक्कांचे श्वास अकरा भरले होते. दुसऱ्या मिनिटाला सव्वीस. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी निम्मा वेळ श्वास घेतलाच नाही, आणि वर त्याच्याकडे बघून हसल्या.

“तू बघत हुतास तवाचा तुझा,” आक्का म्हणाल्या. “बघत न्हवतास तवाचा माझा.”

निनादने वही मिटली. दुपारी दोनच्या उन्हात बस बदलून, घाटाच्या पायऱ्या उतरून तो या नदीकाठच्या मठात आला होता. तो काही थट्टा करून घ्यायला आला नव्हता.

निनाद बागणीकर रेस्पिरेटरी थेरपीच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होता. दम लागलेल्या माणसाला श्वास कसा मिळवून द्यायचा, त्याचं हे शिक्षण. पोरगा हुशार, आणि तो हुशार आहे हे सगळ्यांत आधी त्यालाच ठाऊक. कुठलं यंत्र कुठल्या रोग्याला, कुठलं बटण किती फिरवायचं, सगळं तोंडपाठ. वर्गातली मुलं त्याला ‘व्हेंटिलेटर’ म्हणायची आणि त्याला ते आवडायचं.

असा हा व्हेंटिलेटर प्रॅक्टिकलमध्ये नापास झाला होता, आणि तेही श्वास मोजण्यात!

एक म्हातारबाबा खाटेवर होते. निनादने मोजले तीस श्वास. तीस म्हणजे फार. त्याने ऑक्सिजन वाढवायला हवा असं लिहून टाकलं. परीक्षक बाई खिडकीपाशी, बाहेर बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. त्यांनी मोजले होते अठरा, तेही निनाद खाटेजवळ येण्याआधी.

आता गुरुवारी फेरपरीक्षा. तीही हुकली की सहा महिने घरी. आईने तर गल्लीत सांगूनही टाकलं होतं की पोरगं जूनपासून मोठ्या दवाखान्यात लागणार.

विभागाच्या प्रमुख देवलापूरकर मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. तो पुस्तकं मागायला हात पुढे करणार, तोच त्या म्हणाल्या, “मठात जा. वाती वळणाऱ्या आक्का आहेत. पूर्वी छातीच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. मला मोजायला त्यांनीच शिकवलं.”

डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आयाबाईकडून धडे! निनादला ते लागलं. पण अडला हरी… तो आला, आणि आल्या आल्या त्याने आक्कांना नापास कसा झालो ते सांगून टाकलं.

“पुस्तकात लिहिलंय तसंच करतो मी,” तो आता म्हणाला. “श्वास मोजतोय असं पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की श्वास बदलतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवायचं, मनगट धरायचं आणि गुपचूप छातीकडे बघायचं. मला त्या धड्यात पैकीच्या पैकी आहेत.”

“मग त्या बाबाला धरलं न्हवतंस?”

“धरलं होतं की. तुमचं धरलं तसंच.”

“माझं कुटं धरलंस?”

निनादने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “आत्ता… तीन वेळा.”

“बोटं टेकवलीस.”

आक्कांनी कापसाचं टोपलं पुन्हा मांडीशी ओढलं. एक वात वळली. दुसरी वळली. आतल्या भिंतीवरचं जुनं घड्याळ टकटक करत होतं.  

“आक्का, गुरुवारी परीक्षा आहे.”

“व्हय.”

“नापास झालो तर…”

“हात आण हिकडं.”

त्याने हात पुढे केला. आक्कांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. वाती वळून वळून त्यांचे तळवे कोरडे आणि गुळगुळीत झाले होते. आता ही बाई भविष्य सांगते की काय, असं निनादला वाटलं.

“घरी कोण कोण असतं रं?”

“आई, बाबा. धाकटी बहीण.”

“आई काय करती?”

“शिवणकाम करते. हल्ली शाळेचे गणवेश असतात फार. जूनमध्ये तर जेवायलासुद्धा वेळ नसतो तिला.” तो थोडा थांबला. “मग आम्ही पिठलं करतो. बहीण गुठळ्या करते त्यात.”

आक्का हसल्या. नजर त्यांची टोपल्यावर होती.

“आणि ह्ये श्वासाचं खूळ कुणी घातलं डोस्क्यात?”

निनादने तोंड उघडलं. मुलाखतीत द्यायचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. या क्षेत्राला मागणी आहे, संधी आहे… ते त्याच्या ओठांवर आलंच नाही.

“आबांना दमा होता,” तो म्हणाला.

“आबा म्हंजी?”

“माझे आजोबा. थंडीत त्यांना आडवं होताच यायचं नाही. सकाळी अंगणात ऊन आलं की ते पाटावर बसायचे, गुडघ्यांवर हात टेकून. मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचो. मागून टेकू मिळायचा त्यांना. मी तिकडे तोंड करून गणितं सोडवायचो…”

बोलता बोलता त्याने पाठ जरा ताठ केली.

“पाठीला कळायचं. श्वास अडलाय का, सुटलाय का. वळून बघावंच लागायचं नाही. सुटला की मी म्हणायचो, आबा, आता चहा. ते म्हणायचे, तुला कसं कळलं रे लबाडा?”

नदीवर कोणीतरी धुणं आपटत होतं. निनाद ते ऐकत राहिला. आबांना जाऊन आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. आत्ता सांगितल्यावर त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. हात अजून आक्कांच्या हातातच होता. तो काढून घ्यावा असंही त्याच्या मनात आलं नाही.



“सतरा,” आक्का म्हणाल्या.

“काय?”

“तुझं. आबांचं नाव निगालं तवा बावीस झालतं. आता परत सतरा.”

निनाद बघतच राहिला. त्याने आठवून पाहिलं. आक्कांनी एकदाही त्याच्या छातीकडे पाहिलं नव्हतं, निदान त्याला तसं दिसलं नव्हतं.

“कसं मोजलंत?”

त्यांनी हनुवटीने आधी आत टकटकणाऱ्या घड्याळाकडे आणि मग त्याच्या शर्टाच्या खिशाकडे दाखवलं. खिशात पेन होतं. ते हळूच वर जात होतं, खाली येत होतं. त्याने पाहिलं मात्र, आणि ते थबकलं.

आक्का खदखदून हसल्या. “बग, बिगडलं!”

निनादलाही हसू आलं. पण मुळात तो परीक्षेचा गडी. त्याने घाईने वही उघडली.

“म्हणजे एकीकडे नाडी, एकीकडे पेन. दोन्ही एकदम. नाडी किती भरली माझी?”

“नाडी कोण बगतंय?”

“मग एवढा वेळ…”

“हात धरला हुता.”

निनादने वहीत काहीच लिहिलं नाही. त्याने ती पिशवीत टाकली. मग संध्याकाळच्या बसपर्यंत तो तिथेच बसला आणि आक्कांसोबत वाती वळत राहिला. त्याच्या वाती वेड्यावाकड्या झाल्या. आक्कांनी त्या निवडून वेगळ्या ठेवल्या आणि म्हणाल्या, “ह्या अंधारात लावीन.”

शुक्रवारी तो पुन्हा आला. पायऱ्या दोन-दोन करत उतरला. हातात पेढ्यांचा पुडा होता.

“आक्का, पास!”

“बस. पानी पी आदी.”

तो बसला, पाणी प्यायला, तरी बोलणं काही थांबेना. खाटेवर एक आजी होत्या, शिरोळकडच्या. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या दवाखान्यात आलेल्या. यंत्रं बघून घाबरलेल्या. निनादने घड्याळ टेबलावर ठेवून दिलं आणि त्यांचा हात धरला. त्यांची कोंबडी शेजारणीच्या परसात अंडी घालते, आणि शेजारीण ती आपलीच म्हणते, असा मोठा तंटा होता. आजी तावातावाने बोलल्या, मग हळूहळू निवांत झाल्या. गळ्यात बोरमाळ होती. ती वर-खाली होत होती. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं.

“वीस भरले. परीक्षकांचेही वीस!”

“बरं झालं.”

“पन्नासातले अठ्ठेचाळीस मिळाले.” निनादने पेढा त्यांच्या हातावर ठेवला. मग जरा ओशाळून म्हणाला, “दोन तेवढे गेले. मोजून झालं होतं, पण आजी हात सोडेनात. मलाही सोडवेना. वेळ संपल्याची घंटा वाजली, तरी मी तिथेच. त्याचे दोन कापले.”

आक्कांनी पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून त्यालाच दिला.

“त्ये दोन जपून ठेव,” त्या म्हणाल्या. “बाकीचं माघारी दिलंस तरी चालतंय.”