सगुणाआत्याच्या कुरडया आणि नारबाच्या लिंका

कुठल्याशा गावात एक भोळा नारबा राहायचा. भोळा म्हणजे केवढा? सांगितलेलं सगळं ऐकायचा. घोळ तिथंच व्हायचा.

त्याच्या सगुणाआत्यानं उन्हाळाभर कुरडया घातल्या. चार डबे गच्च भरले. पावसाआधी खपल्या नाहीत तर सादळणार, आणि सगळी मेहनत पाण्यात. नारबा तालुक्याला कॉम्प्युटर शिकून आलेला. म्हणाला, "आत्या, मी वेबसाइट करतो."

केली की! फक्त 'मागणी नोंदवा' ही लिंक टाकली पार तळाला. आत्याच्या माहेरच्या माहितीच्याही खाली. तिथवर कोण मरायला जातंय?

"अरे शहाण्या," आत्या म्हणाली, "लिंक वर ठेवावी. ठळक. आल्या आल्या दिसली पाहिजे."

"बरं आत्या."

ती लिंक वर गेली. मग तक्रारीची लिंक करायची होती. धडा पाठच होता. सगळ्यात वर, लाल, ठळक: 'कुरडई खराब निघाली? इथे दाबा.' लोक यायचे, वाचायचे, पळायचे.

"अरे माझ्या कर्मा! असलं खाली टाकावं. कोपऱ्यात, बारीक अक्षरात."

"बरं आत्या."

मग फोन नंबर टाकायचा होता. टाकला. खाली, कोपऱ्यात, बारीक. खुद्द आत्याला चष्मा लावून सापडेना. आठवडाभर फोन वाजला नाही.

"मेल्या, हे प्रत्येक पानावर हवं! माणूस कुठंही असो, बोटाखाली आलं पाहिजे."

"बरं आत्या."

आता राहिली होती 'मागणी रद्द करा'. ती बसली प्रत्येक पानावर, बरोबर बोटाखाली. तीन मागण्या आल्या. तिन्ही बोट लागून रद्द झाल्या. आत्याला रडूच कोसळलं.

"रद्द करण्याआधी विचारावं रे बाबा! 'नक्की ना? परत विचार करा,' असं म्हणावं!"

"बरं आत्या."

आणि आभाळ भरून आलं. तेवढ्यात दारात जीप थांबली. शेजारगावचे भिवाजीतात्या उतरले. वेबसाइट बघून आलेले. मुलीचं लग्न परवावर, रुखवतात मांडायला आणि पंगतीला कुरडया हव्यात. "चारही डबे द्या," म्हणाले.

आत्याचे डोळेच भरून आले. "नारबा, पाहुण्यांना बसव. डबे जीपमध्ये ठेव. मी चहाला दूध घेऊन आलेच," म्हणत ती शेजारी धावली.

दूध घेऊन परतली, तर अंगणात टपोरे थेंब पडत होते. चारही डबे जागच्या जागी. जीप नाही.

"पाहुणे कुठायत?"

"गेले."

"कुठं?"

"विचार करायला. मी म्हटलं, नक्की ना? परत विचार करा. ते म्हणाले, का हो, काही खोट आहे का मालात? मी म्हटलं, परत विचार करा. ते जीपकडे निघाले, तरी मागून म्हटलं, परत विचार करा." नारबा छाती फुगवून म्हणाला, "तू एकदाच विचारायला सांगितलं होतंस, आत्या. मी तीनदा विचारलं!"